एका बोटाने उघडणारं झाकण

मोह गळायला लागला की मला एका जागी बसवत नाही. आता मी चंद्रपुरात राहते. आमच्या क्वार्टरच्या मागे मोहाचं एकच झाड आहे, तेही भिंतीपलीकडे, कोणाच्या तरी रिकाम्या प्लॉटमध्ये. त्याला फुलं किती येतात, ती कोण वेचतं, मला माहीत नाही. पण मार्च सरता सरता एका सकाळी खिडकीतून तो वास आत येतो, गोड, थोडा आंबूस, गरम तव्यावर गूळ सांडल्यासारखा, आणि मी उठून घरभर फिरायला लागते. गॅसचं बटण तपासते. कपाट उघडते, बंद करते. पंखा कुरकुरतोय म्हणून स्टुलावर चढते. आई खाटेवरूनच म्हणते, हिच्या पायाला पुन्हा भिंगरी लागली. तिला कारण ठाऊक नाही. ठाऊक असतं तर तिने मला दोन वर्षांपूर्वीच कुरखेड्याच्या बसमध्ये बसवून दिलं असतं.

मला न उघडणाऱ्या वस्तूंचा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. टेबलावर कॉलेजने दिलेला लॅपटॉप आहे. त्याच्या पाठीवरच्या स्क्रूंना अशा काही नक्षीदार खाचा आहेत की घरातला एकही पेचकस त्यात बसत नाही, आणि एका स्क्रूवर चांदीच्या रंगाचा कागद चिकटवलेला आहे: हा फाटला तर पुढचं तुमचं तुम्ही बघा. माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर बसून ती वस्तू मला दम देते. माझ्या गावी, सावलीला, आमच्या घरी असं काही नव्हतं. रेडिओ मागून उघडायचा, घड्याळ उघडायचं, बॅटरी उघडायची, आणि ते सगळं मी उघडलेलं होतं. बंद करताना मात्र हमखास एक स्क्रू उरायचा. बाबा तो तळहातावर घेऊन माझ्याकडे बघायचे आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. उघडण्यात मी हुशार, बंद करण्यात तेवढीच ढ. हे मी हसत हसत सांगत आले आहे, पण त्यात हसण्यासारखं फारसं नाही.

कुरखेड्याच्या बाहेर, धानाच्या बांध्या संपतात आणि जंगल सुरू होतं, तिथे एका निवासी शाळेत मी कॉम्प्युटर शिकवत होते. अकरा महिन्यांचा करार. म्हणजे दरवर्षी एक महिना मी कोणाचीच कोणी नसायचे. शाळा बारावीपर्यंत होती आणि कॉम्प्युटरची खोली सगळ्यात शेवटी, टिनाच्या छताखाली. बारा मशीन. सकाळी नऊलाच छत कडकड वाजायला लागायचं. खिडक्या उघडल्या तर राख आत येई, कारण मोहाखालचा पाचोळा लोक पेटवून देत, फूल पडलं की स्वच्छ जमिनीवर दिसावं म्हणून. खिडक्या लावल्या तर आम्ही शिजत असू. त्या खोलीत मी कधी खुर्चीवर बसलेली मला आठवत नाही.

परीक्षा आणि मोह एकदमच यायचे. पोरींना घरचे बोलवून घेत, कारण फूल परीक्षेसाठी थांबत नाही. उजाडायच्या आत टोपली घेऊन झाडाखाली जायचं, ऊन वर चढेपर्यंत वेचायचं, आणि जवळच्या गावच्या पोरी तिथूनच थेट वर्गात येत. गणवेशावर राख, केसांत पाचोळा, आणि बोटं चिकट. साबण लावा, माती लावा, मोहाचा चिकटपणा बोटांवरून लगेच जात नाही. ती बोटं की-बोर्डवर चालत, माउसवर चालत, आणि त्यांच्यामागोमाग मुंग्या.

सुरुवातीला मला कळलंच नाही. एक मशीन बंद पडलं, मग दुसरं. उघडून बघते तर आत मुंग्यांची वस्ती. पंख्याच्या पात्यांवर, तारांच्या खाली, जिथे थोडी ऊब आहे तिथे त्या अंडी घेऊन राहायला आलेल्या. करिश्मा नावाची बारावीतली एक शांत पोरगी होती, तिचं गाव जंगलात आत. तिने माझ्या खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि सांगितलं, मॅडम, ह्या मोहावरच्या मुंग्या आहेत, आमच्या घरी टोपलीत येतात त्याच. जणू पाहुण्यांची ओळख करून देत होती. मी ब्रशने त्या झाडल्या, रॅम काढून खोडरबराने घासली, पुन्हा बसवली, मशीन सुरू झालं. दुसऱ्या दिवशी मुंग्या परत.

मग ते रोजचंच झालं. मशीनच्या डब्याच्या मागचे चार स्क्रू काढा, पत्रा मागे ओढा, तो अडकणार, जोर लावा, तो सुटणार आणि बोट कापणार. झाडा, घासा, पुन्हा लावा. बारा मशीन, अठ्ठेचाळीस स्क्रू. आठवड्याभरात त्यातले अर्धे हरवले, उरलेल्यांचे आटे गेले. वैतागून मी झाकणंच काढून ठेवली तर एका पालीने आत जाऊन स्वतःचा आणि मदरबोर्डचा एकदमच शेवट केला; तो बदलावा लागला. तेव्हापासून माझ्या डोक्याने एकच गोष्ट धरली: एका बोटाने निघेल आणि एका बोटाने बसेल असं झाकण पाहिजे. जेवताना, आंघोळ करताना, पेपर तपासताना मी कागदाच्या कडेला डबे काढत होते. बाजारात काय मिळतं याची चौकशी केली नाही. माझं तसंच आहे, एखादी गोष्ट डोक्यात शिरली की चौकशीला वेळ नसतो.

म्हणून मी सत्तारभाईंच्या दुकानात गेले.

सत्तारभाई टिनाचं काम करत. वडशाकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांचं लहानसं दुकान, पुढे धान ठेवायच्या कोठ्या उभ्या, आत पोरांच्या शाळेच्या पेट्या, चाळण्या, पन्हळी. कोठ्या आता कमी विकल्या जात होत्या, कारण निळे प्लास्टिकचे ड्रम आले होते. बायको वारली होती. मुलगा इरफान नागपूरला फ्रिज-एसी दुरुस्तीचं काम करायचा आणि बापाला रोज दुपारी फोन करून बोलवायचा. पहिल्याच दिवशी, मी अजून स्टुलावर नीट टेकलेही नव्हते, तेव्हा तो फोन आला आणि सगळं बोलणं मी ऐकलं. फोन ठेवून त्यांनी मलाच सांगितलं, माझी ओळखपाळख काही नसताना.

"पोरगा चांगला हाय. त्यानं खोली तयार ठेवली, कूलर लावला. पन तिथी बसून मी का करू, मॅडम? जवरक हाताले काम हाय तवरक मी इथीच. काम सरलं का मंग कोनत्या तोंडानं नाई म्हनू त्याले?"

मी मान हलवली आणि खिशातून माझा कागद काढला. त्यांच्या बोलण्यातलं वजन माझ्या लक्षात आलं होतं, असं आज म्हणता येईल. तेव्हा माझं लक्ष फक्त कागदाकडे होतं.

सत्तारभाई मापं लिहून घेत नसत. टेप होता, पण तो गिऱ्हाइकाला दाखवायला. प्रत्येक मापासाठी ते झाडूचा एक हीर घेत, वस्तूला लावून नखाने मोडत, आणि असे सगळे हीर दोऱ्याने बांधून खुंटीला टांगत. भिंतीवर अशा कितीतरी जुड्या होत्या. ही अमक्या पाटलाची कोठी, ही तमक्याच्या पोरीची पेटी. मी बंद पडलेला मदरबोर्ड घेऊन गेले होते. तो त्यांनी रद्दी पेपरवर ठेवून भोवती खडूने रेघ मारली, भोकांच्या जागी बोटाने खुणा केल्या, पंख्याची उंची, तारांची जागा, सगळ्याचे हीर मोडले. मी बोलतच होते. मुंगी शिरली नाही पाहिजे, धूळ शिरली नाही पाहिजे, पाल शिरली नाही पाहिजे, आणि झाकण एका हाताने निघालं पाहिजे. ते म्हणाले, पाच दिवसांनी या. मी तिसऱ्या दिवशी गेले, चौथ्या दिवशी गेले आणि पाचव्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी जाऊन उभी राहिले.

डबा देखणा झाला होता. कडा दुमडलेल्या, कुठे बोट कापणार नाही. झाकण वरून खाली खाचेत सरकायचं, कोठीच्या खालच्या तोंडाला धान काढायची पाटी असते ना, तसं. खाचेला मेणबत्ती घासलेली. मी एक बोट घालून उचललं आणि ते असं अलगद वर आलं की मी तिथेच दहा-बारा वेळा ते वरखाली केलं. मग सत्तारभाई म्हणाले, थांबा, अजून दाखवतो. त्यांनी झाकण बसवलं, डबा आडवा केला, वरच्या बाजूला तारांसाठी ठेवलेल्या भोकातून त्यात तांब्याभर पाणी ओतलं आणि तो हातात धरून माझ्यासमोर गोल फिरवला.

"एक थेंब नाई मॅडम. पाहून घ्या."

कोठी अशीच तपासतात. थेंब गळला नाही म्हणजे किडा शिरणार नाही, धान वर्षभर राहील. चाळीस वर्षं ज्या माणसाने घट्ट बंद होणाऱ्या वस्तू केल्या, त्याला मी फक्त काय काय आत जाऊ नये तेवढंच सांगितलं होतं. हवा आत गेली पाहिजे आणि गरम हवा बाहेर आली पाहिजे, हे सांगायला विसरले होते. इतकी घाई. त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला तिथे बोलवेना. डबा पुसून, वाळवून मी शाळेत नेला, आतलं सगळं बसवलं आणि मशीन सुरू केलं. वीस मिनिटांत ते गरम होऊन बंद पडलं. डब्याला हात लावला तर चटका बसला. करिश्मा म्हणाली, मॅडम, यात पापड भाजता येईल.

दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मी सांगितलं की भोकं पाडावी लागतील. त्यांनी डब्याच्या दुमडलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, आयुष्यभर मी लोकांच्या कोठ्यांची भोकं बुजवून राह्यलो. ते रागाने म्हणाले नव्हते, पण मला वाईट वाटलं. आपण एखाद्याच्या कामात आपली घाई घेऊन शिरतो आणि चूक त्याच्या पदरात टाकून मोकळे होतो, हे मी तेव्हा पहिल्यांदा केलं. शेवटचं नाही.

पुढचे दहा-बारा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते. सुखाचे म्हणतेय, पण एक क्षण निवांत नव्हता. शाळा सुटली की सायकलवर टांग मारायची आणि दुकान गाठायचं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अंगणांत मोह वाळत घातलेला, चटयांवर, पोत्यांवर, टिनांवर, आणि त्याचा वास इतका दाट की डोकं जड व्हायचं. दुकानात कोळशाची शेगडी, पत्र्याचे सांधे जोडायच्या डाखाचा धूर, पत्रा कापतानाचा तो दात शिवशिवणारा आवाज. आधी खिळ्याने भोकं पाडली, त्यातून मुंग्या गेल्या. मग चहाच्या गाळणीची बारीक जाळी आतून लावली. मुंग्या अडल्या, पण जाळी धुळीने दोन दिवसांत भरली. पण आता झाकण एका बोटाने निघत होतं, जाळी त्याच्याबरोबर निघत होती, नळाखाली धरली की काम झालं. मुंग्या मग तारांवरून चढायला लागल्या. सत्तारभाईंनी डब्याला चार पाय लावले आणि घरून चार वाट्या आणल्या. त्यांच्या घरच्या जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत असत, दुधाला मुंगी लागू नये म्हणून. तसाच आमचा कॉम्प्युटर चार वाट्यांत उभा राहिला. तारा वर छताला टांगल्या. ऊन इतकं की दुपारपर्यंत वाट्या कोरड्या पडत, म्हणून पोरींच्या पाळ्या लावल्या. प्रार्थना झाली की कोणीतरी विचारायचं, वाट्या भरल्या का, आणि कोणीतरी तांब्या घेऊन धावायचं.

डोक्याला आणि हातांना एकाच वेळी काम असलं की माझ्या आत जे सतत काहीतरी टोचत असतं ते गप्प बसतं. त्या दिवसांत ते गप्प होतं. सत्तारभाईही बदलले होते. आधी ते ऐकायचे, आता सांगायला लागले. माझ्या कागदावर काट मारून म्हणायचे, इथी नाई, इथी पत्रा वाकन, कडा उलटी घ्या. एकदा मी गेले तर ते बंद मदरबोर्ड पुढ्यात घेऊन बसले होते आणि त्यावरच्या बारीक डाखाच्या टिपक्यांवरून बोट फिरवत होते. हे कोणी केलं असेल, किती बारीक हात, असं स्वतःशी म्हणत होते.

परीक्षेला अकरा मशीन जुन्या डब्यांत आणि एक टिनाच्या डब्यात, वाट्यांत उभं. बाहेरून आलेले परीक्षक त्याच्यासमोर थांबले. त्यांनी विचारलं, हा कशाचा डबा आहे, चिवड्याचा? मी झाकण एका बोटाने वर केलं. त्यांनी स्वतः करून पाहिलं, दोनदा. त्या दिवशी तीन मशीन मधेच बंद पडली आणि तिघी पोरींना पुन्हा बसावं लागलं. टिनातलं चाललं. त्यावर करिश्मा होती. जाताना परीक्षक मुख्याध्यापकांजवळ डब्याचं कौतुक करून गेले.

मी लगेच मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. म्हटलं, सर, बाराही मशीनना असे डबे करून घेऊ. सर भले होते, दमलेले होते, टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे होते. ते म्हणाले, बघू, पुढच्या सत्रात बघू.

बघू. एवढंच. या शब्दाचा अर्थ आपल्याकडे लहान मुलालाही कळतो. मी मात्र तिथून निघून सायकल काढली आणि सत्तारभाईंच्या दुकानात जाऊन सांगितलं, "भाऊ, झालं. बारा डबे करायचे आहेत." 'बघू'चं 'झालं' कसं झालं, हे मी आजही स्वतःला विचारते. मी खोटं बोलायला निघाले नव्हते. मला फक्त थांबता आलं नाही. रस्त्यावरच्या त्या वीस मिनिटांत माझ्या डोक्यात बाराही डबे तयार होऊन रांगेत उभे राहिले होते.

त्यांनी हातोडी खाली ठेवली. माझ्यासमोरच इरफानला फोन लावला आणि सांगितलं की आता येणं जमत नाही, शाळेचं काम मिळालं आहे, मोठं काम आहे. पलीकडून पोरगा काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. सत्तारभाई हसत होते. इतके हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं.

सुट्ट्या लागल्या. करार संपला, नव्याने झाला. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा कॉम्प्युटरच्या खोलीसमोर खोकी उतरत होती. वरून नवीन मशीन आली होती, पातळ, पाठीला एकही स्क्रू न दिसणारी, पडदा आणि मशीन एकच. उघडायचं नाही, बिघडलं तर फोन करायचा. जुनी बारा भांडारात गेली, टिनाचा डबाही गेला. पोरी खूश होत्या आणि खरं सांगायचं तर मशीन चांगली होती. त्याच महिन्यात मला चंद्रपूरच्या कॉलेजातून पत्र आलं, पक्क्या नोकरीचं.

सांगायला जायचं होतं. उद्या जाऊ, असं रोज ठरवायचे. एरवी उद्यापर्यंत एक गोष्ट न थांबवणारी मी, ही गोष्ट तीन आठवडे थांबवली. मग निघायचा दिवस आला. बस वडशाच्या रस्त्याने निघाली आणि त्यांच्या दुकानासमोर हळू झाली, पुढे बैलगाडी होती. सत्तारभाई बाहेरच बसले होते. मांडीवर नवा पत्रा, हातात कातर, आणि बाजूला कापलेल्या तुकड्यांची चळत. एकसारखे तुकडे. मला ते माप ओळखता आलं. मी मान वळवली आणि दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून बघत राहिले, तिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं.

कापलेला पत्रा पुन्हा जोडता येत नाही. दोन वर्षं मी हे स्वतःला ऐकवते आहे. रात्री नाही, मला झोप चांगली लागते. दिवसा, शिकवताना, भाजी घेताना, फळ्यावर एखादा चौकोन काढताना. आणि मोह गळायला लागला की मग काही विचारू नका.

या वर्षी गेले. आईला सांगितलं, सावलीला जाऊन येते. सावली आली तरी मी बसमधून उतरले नाही. वैनगंगेच्या पुलावरून खाली वाळू दिसत होती, पाणी एका कडेला सरकलेलं. गडचिरोलीला बस बदलली, आरमोरीला पुन्हा बदलली. सगळ्या वाटेत मी मनातल्या मनात बोलण्याची तयारी करत होते. आधी माफी मागायची की आधी कारण सांगायचं? नव्या मशीनचं सांगायचं की माझ्या 'झालं'चं? प्रत्येक वेळी वाक्य वेगळं व्हायचं आणि प्रत्येक वेळी त्यात मी थोडी बरी दिसायचे. शेजारच्या बाईंनी विचारलं, पोटात दुखते का माय? मी नाही म्हटलं. मी सारखी जागा बदलत होते.

दुकान होतं. कोठ्या दोनच उरल्या होत्या. सत्तारभाई आत सावलीत बसून कोणाची तरी पन्हळ डाखत होते. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं, ओळखलं, शेजारून चहा मागवला. माझं कसं चाललंय ते विचारलं, आई कशी आहे ते विचारलं. मागे भिंतीला लागून ती चळत उभी होती, वर पोतं टाकलेलं. मी त्याकडे बघू नये म्हणून सगळीकडे बघत होते. चहा आला. मी एका घोटात संपवला, जीभ पोळली.

"भाऊ, ते डब्याचं," मी म्हणाले. "ते मी तेव्हा..."

त्यांनी हात वर केला. रागाने नाही, गिऱ्हाइकाला जरा थांबा म्हणतात तसा.

"नका सांगू."

मला वाटलं त्यांना समजलं नाही. मी पुन्हा सुरुवात केली. त्यांनी पन्हळ बाजूला ठेवली आणि सावकाश सांगितलं की त्यांना सगळं माहीत आहे. नवी मशीन आली त्याच आठवड्यात शाळेच्या छताची पन्हळ बसवायला त्यांनाच बोलावलं होतं. त्यांनी ती पातळ मशीन पाहिली. ती उघडायला जागाच नाही हेही पाहिलं. मी ज्या दिवशी बसमधून गेले त्या दिवशी त्यांना ठाऊक होतं. मांडीवरचा तो पत्रा ते माहीत असूनच कापत होते.

"मंग कापला काऊन?" मी विचारलं. माझा आवाज माझ्याच गावचा झाला होता.

त्यांनी शेगडीतला कोळसा सारखा केला. मग म्हणाले, "तुम्ही येऊन सांगतलं नाई ना, का काम रद्द झालं. म्हनजे काम हाय. पोरगा इचारते, मी सांगतो, मॅडमचं काम बाकी हाय. मी खोटं नाई बोलत मॅडम, मले नाई जमत. तुम्ही आता सांगून देसान, तं मले त्याले सांगा लागन. मंग हे शटर बंद करा लागन."

दोन वर्षं मी ज्याला माझा भेकडपणा समजत होते, त्याच्या आधारावर एक माणूस आपल्या दुकानात राहत होता. मी मोकळं व्हायला आले होते. त्यांनी मला मोकळं होऊ दिलं नाही. मला त्यांचा राग आला, हेही लिहायला हवं. मग पोरगा आठवला, तयार खोली, कूलर, रोजचा फोन, त्याची काही चूक नव्हती. या उन्हात सत्तर गाठलेला बाप टिनाखाली एकटा बसतो, याने कुठल्या पोराला चैन पडेल? काय बरोबर आहे ते मला समजेना. सत्तारभाईंचे हात बघितले. डाख देताना ते अजूनही हलत नव्हते.

आणि फोन वाजला. दुपारचा फोन, तोच. सत्तारभाईंनी नेहमीची दोन वाक्यं बोलून झाल्यावर सांगितलं की शाळेच्या मॅडम आल्या आहेत, स्वतः, दुकानात बसल्या आहेत. मग फोन माझ्यापुढे धरला. त्यांनी मला काही सुचवलं नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. पन्हळ उचलली आणि शेगडीवर वाकले.

इरफानचा आवाज मऊ होता. त्याने नमस्कार केला, मग अडखळत विचारलं, "मॅडम, अब्बाचं काम खरंच बाकी हाय का अजून? का ते मले असंच सांगून राह्यले?"

बाहेरून मोहाचा वास येत होता. माझे पाय नेहमीप्रमाणे स्टुलाखाली हलत होते. मी ते दाबून धरले.

"बरंच बाकी हाय," मी म्हणाले. "होऊ द्या त्याहिच्या हातानं, सावकाश. मले काई घाई नाई."